शेवट कळला, पण...

गेल्या महिन्यात भाचेबुवा बंगळुराहून दोन दिवस आले होते. चहा झाला, पोहे झाले, "आत्या, बारीक झालीस गं" हे दर वेळचं खोटं बोलून झालं. मग त्याची नजर बाहेरच्या खोलीतल्या फळीवर गेली. तिथे 'हंटर × हंटर'चे छत्तीस खंड ओळीने उभे आहेत. तो इथे राहत असताना आणि नंतर नोकरी लागल्यावर त्यानेच एकेक करून जमवलेले.

"आत्या, हे देऊन टाक ना कोणाला तरी. नाहीतर रद्दीत घाल. उगीच जागा अडते."

"रद्दीत?"

"मी सोडलं ते. नाही संपवणार तो माणूस. फसवलं राव आपल्याला."

मी काही बोलले नाही. पोह्यांवर अजून खोबरं हवं का, एवढंच विचारलं. पण तो गेल्यावर ते 'फसवलं' काही डोक्यातून जाईना. भांडी घासताना, कामाला बसल्यावर, रात्री झोपताना तेच. तोंडावर मला पटकन उत्तर सुचत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून इथे लिहितेय. तो हे वाचतो. (वाचतोस ना रे?)

ज्यांना हे प्रकरण काय आहे ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. 'हंटर × हंटर' ही योशिहिरो तोगाशी यांची मांगा. १९९८ च्या मार्चमध्ये ती जपानच्या 'शोनेन जंप' या साप्ताहिकात सुरू झाली. गॉन नावाचा बारा वर्षांचा मुलगा एका बेटावर राहतो. त्याचा बाप त्याला तान्हा असताना सोडून गेलाय. बाप 'हंटर' आहे, म्हणजे जगात जे कोणाला सापडत नाही ते शोधत फिरणारा माणूस. गॉन ठरवतो, आपणही हंटर व्हायचं आणि बापाला शोधायचं. बस. गोष्ट एवढीच. आणि ती अजून संपलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, या वयात तुला हे कुठून लागलं? तर २०१४ च्या जूनमध्ये भाचा अकरावीसाठी आमच्याकडे ठाण्याला राहायला आला. दादाची तेव्हा बदली झाली होती आणि वहिनीही तिकडे गेली होती. सोळा वर्षांचा मुलगा, शहर नवीन, कॉलेज नवीन. जेवताना मान वर करायचा नाही. "भाजी आवडली का?" "हं." "आज काय शिकवलं?" "काही नाही." मी आणि अहो एकमेकांकडे बघायचो. रात्री दार लोटून कॉम्प्युटरसमोर बसायचा. मला वाटलं, काहीतरी भलतंसलतं बघतोय. एके दिवशी धीर करून दूध घेऊन आत गेले, तर पडद्यावर एक पोरगा भलामोठा मासा पाठीवर टाकून चालला होता आणि एक बाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ही त्याची आई?"

"नाही. मितो. वडिलांची चुलत बहीण. तिने वाढवलंय त्याला."

"म्हणजे आत्याच की!"

त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. मी बसले. ती २०११ साली सुरू झालेली ॲनिमे मालिका होती, १४८ भागांची. रोज रात्री कामं आवरली की एक भाग, कधी दोन. माझं डीटीपीचं काम घरूनच चालतं आणि त्या दिवसांत दिवाळी अंकांची घाई असते. तरी तो एक भाग मी कधी चुकवला नाही. भाग संपला की तो बोलायला लागायचा. आधी गॉनबद्दल, किलुआबद्दल. मग हळूहळू कॉलेजबद्दल, मग घरची आठवण येते त्याबद्दल. तेव्हा मला काय मिळालं ते मी इथे लिहून सांगू शकणार नाही.

शेवटच्या भागात गॉन एका प्रचंड झाडाच्या शेंड्यावर चढतो आणि तिथे बाप भेटतो. दोघं बसून बोलतात. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "छान संपवलं हो."

"आत्या, संपलेलं नाही. मांगा पुढे चालू आहे. खरी गोष्ट तर आता सुरू होतेय."

आणि अशी मी त्या फेऱ्यात सापडले.

बापलेकांची भेट मांगात २०१२ सालीच झाली होती. त्यानंतर तोगाशींनी गोष्टीचं जगच मोठं केलं. आपण बघितला तो सगळा नकाशा म्हणजे एका तळ्यातलं छोटं बेट, त्याच्या बाहेर खरं विराट जग आहे, असं निघालं. तिकडे जायला एक अजस्र जहाज निघतं. त्यात दोन लाख माणसं. वरच्या मजल्यांवर काकिन देशाचा राजा आणि त्याचे चौदा वारस. त्या चौदांनी जहाजावरच एकमेकांना संपवायचं आणि जो उरेल तो राजा. त्यातला चौदावा वारस म्हणजे एक तान्ही मुलगी. तिला जपायची जबाबदारी कुरापिकावर, म्हणजे गॉनच्या जुन्या मित्रावर. शिवाय खालच्या मजल्यांवर गुंडांच्या टोळ्या, 'फँटम ट्रूप' नावाची दरोडेखोरांची टोळी, आणि त्यांना शोधत फिरणारा हिसोका. गॉन स्वतः जहाजावर नाहीच!

आता भाचेबुवांच्या तक्रारी. त्या तीन आहेत आणि तो त्या एका दमात म्हणतो, पण मला वाटतं त्या वेगवेगळ्या करून बघायला हव्यात. एक, गोष्ट पुढे सरकत नाही. दोन, लेखक सारखा थांबतो. तीन, शेवट कधी कळणारच नाही.

पहिली तक्रार मला पूर्ण मान्य आहे. अगदी सही करून मान्य.

त्याचं कारणही सांगते, कारण 'संथ आहे' एवढंच म्हटलं तर तोगाशींवर अन्याय होईल. याच गोष्टीत आधी किमेरा मुंग्यांचं मोठं प्रकरण आहे. त्यात राजवाड्यावर एका रात्री हल्ला होतो. गोष्टीतल्या मोजक्या वेळाला वाचकांची वर्षं लागली. एक माणूस जिना चढतोय, तेवढ्यात त्याच्या मनात काय चाललंय, खाली कोण कुठे उभं आहे, हे सगळं निवेदक सांगत राहतो. पण तिथे कंटाळा येत नाही. कारण कोणाला काय हवंय ते आपल्याला पक्कं माहीत असतं. माणसं मोजकी, जागा एक, वेळ ताणलेली. गिरणीतला पट्टा ताणून बसवतात तशी.

जहाजावर तसं नाही. तिथे वेळ ताणलेली नाही, विखुरलेली आहे. चौदा वारस, प्रत्येकाचे अंगरक्षक, प्रत्येकाच्या मागे अदृश्य राखणदार प्राणी, प्रत्येकाची शक्ती निराळी आणि प्रत्येक शक्तीचे नियम निराळे. ते नियम फुग्यांमध्ये बारीक अक्षरात लिहिलेले. काही पानांवर चित्रांपेक्षा मजकूर जास्त. मी आयुष्यभर पानं लावतेय, कुठल्या पानावर मजकुराची खिचडी झालीय ते मला लांबून कळतं. एक भानगड रंगात येते न येते तोच दुसऱ्या मजल्यावरची नवीन माणसं येतात. नवीन नावं, नवीन नियम. चांगला लेखकही कधी कधी पसारा घालून बसतो. वाचकाने तसं म्हणायला हरकत नाही. 'तुला कळत नाही म्हणून कंटाळा येतो' असं जे काही पंखे सांगतात, त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आम्ही त्यावर एक उपाय काढला होता. लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. राजपुत्र क्रमांक १ ते १४, एकेका पानावर एकेक. त्याच्या राणीचं नाव, रक्षकांची नावं, राखणदार कसा दिसतो, जिवंत की गेला. अर्धी नोंद भाच्याच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात, अर्धी माझ्या. अहो म्हणायचे, "सोसायटीचे हिशेब तरी असे लिहा." :-)

पण वही करूनही भागेना. कारण ही तक्रार दुसऱ्या तक्रारीला जाऊन मिळते.

नुसते आकडे बघा. २०१८ च्या नोव्हेंबरात ३९०वं प्रकरण आलं. ३९१वं आलं ऑक्टोबर २०२२ मध्ये. दहा प्रकरणं झाली, डिसेंबरात थांबलं. पुढची दहा, म्हणजे ४०१ ते ४१०, आली २०२४ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात. सहा वर्षांत वीस प्रकरणं! एकेक प्रकरण साधारण वीस पानांचं. दोन-दोन वर्षांनी माणूस परत येतो तेव्हा नववा राजपुत्र कोण आणि त्याच्या रक्षकांपैकी फितूर कोण, हे कोणाच्या बापाला आठवणार? दर वेळी मागचं सगळं पुन्हा वाचा. वाचकाचं खरं नुकसान होतं ते इथे. पैशाचं नाही, आठवणीचं. आपण जीव लावून जे लक्षात ठेवलं ते विरत जातं, आणि परत लक्षात ठेवायला आधीसारखा जीव उरत नाही.

इथपर्यंत मी भाच्याच्या बाजूने. पण मग तो म्हणतो, "आळशी आहे तो." इथे मात्र मी अडते.

'शोनेन जंप' कसं चालतं ते थोडं सांगते. दर आठवड्याला वीसेक पानं काढून द्यायची. लिहायची, आखायची, रंगवायची. वाचक अंकासोबतची पत्रिका भरून आवडीनिवडी कळवतात. मागे पडणारी मालिका बंद होते, कधी कधी काही महिन्यांत. १९९५ च्या सुरुवातीला एका अंकाच्या ६५ लाखांहून जास्त प्रती छापल्या गेल्या होत्या, एवढा या साप्ताहिकाचा दरारा. मी वर्षातून एकदा दिवाळी अंकांची पानं लावते तर दसऱ्यापर्यंत मान धरते, पाठ धरते, घरात सगळ्यांवर ओरडून होतं. हे लोक दर आठवड्याला दिवाळी अंक काढतात.

तोगाशींनी ते केलंय. १९९० ते १९९४ त्यांनी याच साप्ताहिकात 'यू यू हाकुशो' लिहिली. ती तुफान चालली. आणि त्यांनी ती संपवलीही. पण शेवट घाईचा झाला, धागे पटापट गुंडाळले, असं तेव्हापासून आजपर्यंत वाचक म्हणतात. थकून गेलो होतो, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं. म्हणजे वेळेत संपवलं तर 'गुंडाळलं', आणि गुंडाळायचं नाही म्हणून थांबलं तर 'आळशी'. आपणच जरा ठरवायला हवं, आपल्याला काय हवंय ते.

पुढे 'हंटर'मध्येही एकदा काही आठवडे चक्क पेन्सिलीची कच्ची चित्रं छापून आली. खंड निघताना ती त्यांनी नव्याने काढली. २००६ पासून सुट्ट्या लांबत गेल्या. कारण कंबर. २०२२ मध्ये त्यांनी लिहिलं की दोन वर्षं आपल्याला खुर्चीवर बसताच येत नव्हतं, म्हणून चित्रं काढता येत नव्हती. आता नेहमीची पद्धत सोडून कसंतरी काढतोय. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी ट्विटरवर खातं उघडलं. पहिला फोटो होता कागदाच्या कोपऱ्यातल्या झाडांचा, आणि अजून चार प्रकरणं बाकी, अशा अर्थाची एक ओळ. काही दिवसांत दहा लाखांवर माणसं तिथे जमली. झाडाच्या अर्ध्या चित्रासाठी! त्यानंतर पानांचे नंबर लिहिलेल्या कोऱ्या कोपऱ्यांचे फोटो टाकत राहिले. आळशी माणूस असं करत नाही. ही हजेरी आहे. आजारी मुलाने शाळेच्या दारापर्यंत येऊन 'मी आहे हं' म्हणून जावं, तशी.

आणि मला 'बर्झर्क'चं विसरता येत नाही. केंतारो मिउरा यांची ती मांगा, १९८९ पासून चाललेली. तिचा नायक गट्स सोबत्यांना घेऊन एका बोटीत चढला आणि वाचकांच्या हिशेबाने वर्षानुवर्षं बोटीतच राहिला. काय थट्टा व्हायची त्याची! 'बोटीतून उतरला का?' हा भाच्याच्या मित्रांचा ठरलेला विनोद होता. मीही हसायचे. ६ मे २०२१ ला मिउरा गेले. वय ५४. हृदयापासून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटली. बातमी भाच्याने मला फोनवर सांगितली तेव्हा दोघंही गप्प होतो. तो विनोद परत कोणी केला नाही. पुढे जून २०२२ पासून मिउरांचे मित्र कोजी मोरी यांनी, मिउरांनी आपल्याला जे सांगितलं होतं तेवढंच लिहायचं असं ठरवून, त्यांच्या मदतनिसांबरोबर गोष्ट पुढे नेली. मैत्री निभावणं म्हणतात ते हे.

अशी यादी लांब आहे. आय याझावा यांची 'नाना' २००९ मध्ये आजारपणामुळे थांबली. सुझुए मिउची यांची 'ग्लास मास्क' १९७६ मध्ये सुरू झाली, ४९वा खंड २०१२ मध्ये आला आणि वाचक वर्षानुवर्षं पन्नासाव्याची वाट बघत राहिले. ज्या मुली शाळेत असताना ती वाचायला लागल्या त्या आता आज्या असतील. दोष द्यायचाच तर मी त्या आठवड्याच्या चक्राला देईन. ते चक्र तरुणपणी माणसाकडून सगळं काढून घेतं आणि गोष्ट ऐन मध्यावर आली की शरीर म्हणतं, बास.

आता तिसरी तक्रार, शेवटाची. खरं तर मला याच्यासाठीच लिहायचं होतं.

भाच्या, तू विसरलास का? शेवट आपल्याला कळलाय.

(ज्यांना गोष्ट वाचायची आहे आणि शेवट कळून घ्यायचा नाही, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.)

२०२३ च्या नोव्हेंबरात तोगाशींनी जपानी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाला पत्र पाठवलं. त्यात त्यांनी लिहिलं होतं की माझ्या डोक्यात तीन शेवट आहेत, अ, ब आणि क. त्यातला कुठला घ्यायचा ते ठरलेलं नाही. पण चौथा, 'ड', मी आता सांगून ठेवतो. गोष्ट पुरी होण्याआधी मी मेलो तर हा शेवट समजा. आणि तो शेवट वाचून दाखवला गेला. पुन्हा तेच बेट. गॉनची नात. ती आजोबांसारखाच मासा पकडते, आणि आईला सांगते की मला हंटर व्हायचं नाही. गॉनने पहिल्या प्रकरणात मासा पकडला होता तो मितोकडून जाण्याची परवानगी मिळवायला. नात पकडते ती न जाण्यासाठी.

मी वाचलं आणि लगेच बंगळुराला फोन केला. कधी नव्हे ते मला आधी कळलं होतं! भाचाही वाचत होता. आम्ही दोघंही वाचून झाल्यावर थोडा वेळ फोन धरून बसलो.

"छान आहे," तो म्हणाला.

"छान आहे," मी म्हटलं.

"मग कुरापिकाचं काय झालं?"

बघ. तिथेच सगळं आलं. शेवट कळला, चांगला होता, माझ्यासारख्या आत्याला तर फारच लागला. कारण घरी राहून वाट बघणाऱ्यांची बाजू कोणी इतक्या साधेपणाने सांगितलेली मी वाचली नव्हती. तरी चुटपुट गेली नाही. तेव्हा मला कळलं की आपण ज्याला 'शेवट नाही' म्हणून रडत होतो, ती तक्रार शेवटाची नव्हतीच. आपल्याला त्या जहाजातून उतरायचं होतं. कुरापिका आपली शक्ती वापरतो तेव्हा एका सेकंदामागे त्याच्या आयुष्याचा एक तास जातो. त्या तान्ह्या पोरीसाठी तो तास उधळत बसलाय, आणि आपल्याला त्याच्या बाजूला उभं राहून ते बघायचं होतं. काय झालं ते नुसतं कळून काय करायचं? कोणी कानात सांगितलं म्हणून प्रवास झाला असं होत नाही.

झाडाच्या शेंड्यावर बाप लेकाला साधारण हेच सांगतो. जे शोधत निघालो त्यापेक्षा वाटेत सोबत आलेली माणसं मोठी निघाली, अशा अर्थाचं. तेव्हा मला ते नुसतं गोड वाटलं होतं. आता वाटतं, तोगाशींनी तेव्हाच आपल्याला सांगून ठेवलं होतं.

पण थांब, मी इथे लेखकाला फुकट सोडणार नाहीये. 'वाटच महत्त्वाची' असं म्हणून कोणीही काहीही अर्धवट ठेवावं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. वाट महत्त्वाची म्हटली तर ती वाटच अर्धी राहिलीय, आणि म्हणूनच चुटपुट खरी आहे. जहाजाच्या पसाऱ्याला मी पसाराच म्हणणार. उद्या ४११वं प्रकरण आलं आणि त्यात पुन्हा तीन नवे रक्षक निघाले तर मी मोठ्याने कपाळावर हात मारणार. चिडायचा आपला हक्क आहे. चिडतो ते आपण त्या माणसांमध्ये गुंतलोय म्हणूनच.

माझं भांडण आहे ते फक्त 'फसवलं' या शब्दाशी.

फसवणं म्हणजे देतो म्हणून न देणं. मग काय मिळालं त्याचा हिशेब मांड ना, वहीत मांडायचास तसा. मुंग्यांचा राजा आणि ती आंधळी मुलगी सोंगट्यांचा खेळ खेळत बसतात ते प्रकरण वाचून आपण दोघं रात्री एक वाजता स्वयंपाकघरात चहा करत होतो. ते मिळालं. २०२२ च्या दिवाळीत, दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान, घरात उटण्याचा वास, आणि रविवारी रात्री साडेआठला तुझा फोन: "आत्या, आलं! चार वर्षांनी आलं!" वहिनी मागून ओरडतेय, "अरे, आधी कंदील लाव." तेही मिळालं. त्याच दहा प्रकरणांत फँटम ट्रूपच्या लहानपणाची गोष्ट आली. कचऱ्याच्या गावातली ती पोरं, जुन्या टेपांवरचं कार्टून आपापल्या आवाजात बोलणारी. इतकी वर्षं आपण ज्यांना नुसते खुनी म्हणत होतो, त्यांच्यासाठी तू रडलास. मला म्हणालास सर्दी झालीय. माझ्या मते तोगाशींच्या उत्तम पानांपैकी ती पानं आहेत, आणि ती चार वर्षांच्या खंडानंतर आलेली आहेत. तेव्हाच सोडून दिलं असतं तर?

२०२४ च्या नवरात्रात पुन्हा फोन आला. तेव्हा आवाज जरा थंड होता. डिसेंबरात ४१०वं आलं तेव्हा फोन नाही, नुसता मेसेज. त्यानंतर या विषयावर काहीच नाही, ते थेट गेल्या महिन्यातलं 'रद्दीत घाल'.

आता खरं सांगते. मी कुरापिकासाठी एवढी हळहळत नाहीये. दहा वर्षं आपल्या दोघांना बोलायला एक जागा होती. बाकी आत्या आणि भाच्याने फोनवर काय बोलायचं? जेवलास का, पगार वेळेवर होतो का, लग्नाचं काय. (हे तिसरं मी विचारत नाही, वहिनी विचारते.) त्या दोन लाख माणसांच्या जहाजावर आपणही दोघं होतो. तू मधल्याच बंदरावर उतरलास, तेही न सांगता.

सोडायचं तर सोड, बाबा. त्यात काही पाप नाही. वाचकाने जन्मठेप भोगायला हवी असं थोडंच आहे? चौदा राजपुत्र लक्षात ठेवण्यापेक्षा माणसाला दुसरी कामं असतात. फक्त सोडताना 'मला आता जमत नाही' म्हण. तोगाशीही तेवढंच म्हणत आलेत, की जमतंय तेवढं करतोय, कंबर दुखतेय, अजून इतकी पानं झाली. दोन माणसं एकमेकांना 'जमत नाहीये' म्हणाली तर त्यात फसवणूक कुठली?

खंड मी कोणाला देणार नाही. रद्दीत तर नाहीच. काल फळी पुसली, सगळे काढून परत लावले. मागे ती लाल वही सापडली. शेवटची नोंद तुझ्या अक्षरात आहे, २०२४ च्या डिसेंबरातली. त्यानंतर पन्नासेक पानं कोरी आहेत. वहीला नवीन कव्हर घातलं आणि परत ठेवली.

असो. तुमच्यापैकी कोणी अशी अर्धवट राहिलेली गोष्ट सांभाळून बसलंय का? मांगाच असायला हवी असं नाही. जरूर लिहा.

ता. क. : वहिनी, हे वाचून लगेच त्याला फोन करून रागावू नकोस. तो माझ्याशी बोलत नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. रविवारी रात्री साडेआठला मी मोकळी असते, एवढंच सांग.